खुब्याचं ऑपरेशन, सिकलसेल आणि मॉर्फिनच्या गोळ्या

आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुणाच्या घरात एएस असतो, म्हणजे नुसता वाहक, कुणाच्या घरात एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला. मी एसएस. पावसात भिजले, ताप आला, पाणी कमी प्यायले की हाडांत दुखणं उठायचं, म्हणून रोवणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरायला मला लहानपणापासून बंदी होती. त्या दुखण्याशी माझी जुनी ओळख. उजव्या खुब्यात पुढे जे सुरू झालं ते निराळं होतं. ते उठायचं आणि बसायचंच नाही. एमआरआय केल्यावर कळलं, खुब्याच्या बॉलचा रक्तपुरवठा बंद पडून आतलं हाड मेलं होतं आणि बॉल चपटा झाला होता. सिकलसेलमध्ये तरुण वयातही असं होतं. सांधा बदलण्याशिवाय इलाज नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं.

ऑपरेशन झाल्यापासून विचारायला येणारे खूप. खर्च किती आला, टाके किती पडले, मांडी घालता येते का. नंतरचं दुखणं कसं आवरलं, कोणती औषधं घेतली, ती सोडली कशी, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच एसएस पोरापोरींवर पुढे हीच वेळ येणार आहे, म्हणून मी तेवढंच लिहिते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलवाल्या मॅडम माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या. रक्त चढवून झालं होतं, हिमोग्लोबिन 10 च्या आसपास आणलं होतं. मला वाटलं, उपाशी राहा वगैरे सांगतील आणि जातील. त्या विचारत बसल्या. क्रायसिस, म्हणजे सिकलसेलच्या दुखण्याचा झटका, आला की कोणतं इंजेक्शन देतात? त्याने किती वेळ बरं वाटतं? उलट्या होतात का? कधी फिट आली होती का? घोरता का? किडनीचे रिपोर्ट त्यांनी दोनदा पाहिले. सिकलसेलमध्ये किडनीला आधीच त्रास असू शकतो, त्यामुळे डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची इंजेक्शनं माझ्यासाठी जपून वापरायची होती. माझ्या जुन्या फाईलमध्ये फोर्टविन बरेचदा लिहिलेलं होतं. गावाकडे दुखण्याचं कडक इंजेक्शन म्हणजे तेच. मॅडम म्हणाल्या, त्याचा जोर एका हद्दीपुढे वाढत नाही, आणि मॉर्फिन, म्हणजे अफूपासून निघणारं दुखण्यावरचं औषध, चालू असताना ते दिलं तर मॉर्फिनचाच असर कमी होतो. "इथून गेल्यावर कुणी ते देऊ लागलं तर आधी सांगायचं, मी मॉर्फिनवर आहे किंवा होते."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही इतरांना सांगते. दुखणं शून्य करण्याचा शब्द त्या देत नव्हत्या. मला खोल श्वास घेता आला पाहिजे, खोकता आलं पाहिजे, दुसऱ्या दिवशी पलंगाच्या काठावर बसता आलं पाहिजे, इतकं दुखणं त्या खाली आणणार होत्या. एसएसवाल्याच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं. दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, ऑक्सिजन कमी पडतो आणि तांबड्या पेशी वाकड्या होऊन तिथेच अडकायला लागतात. छातीत दुखणं, ताप, धाप, असा जिवावर बेतणारा प्रकार मग ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतो. उलट औषध जास्त झालं तरी श्वास मंदावतो आणि माणूस त्याच जागी पोहोचतो. या दोन्हींच्या मधला डोस शोधायचा होता.

त्यासाठी माझ्या हातात तीन बॉलचं ते श्वासाचं यंत्र दिलं. निळी नळी तोंडात धरायची आणि हवा आत ओढायची. पहिला बॉल वर गेला तर सेकंदाला 600 मिलिलिटर हवा, दुसरा गेला तर 900, तिसरा गेला तर 1200. ऑपरेशनच्या आधी मी दोन बॉल आरामात उचलायची, तिसरा जरासा हलायचा. मॅडमनी ते फाईलमध्ये लिहून घेतलं.

पाठीत सुई देऊन भूल दिली आणि तिथेच एक बारीक नळी ठेवली. त्या नळीतून बुपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध आणि थोडं फेंटानिल, मॉर्फिनच्याच जातीचं, पंपाने थेंब थेंब जात होतं. ऑपरेशनचा दिवस आणि पुढचा दिवस मला बरा गेला, हे सांगायलाच हवं. पाय जड होते, लघवीची नळी होती, नाकाला आणि गालांना खाज सुटायची. फेंटानिलमुळे ती सुटते, ॲलर्जी नव्हे, असं सिस्टरनी सांगितलं. दुखणं मात्र ठुसठुशीच्या वर गेलं नाही. फिजिओवाल्या मॅडमनी मला काठावर बसवलं, वॉकर धरून उभंही केलं.

खरा कस लागला नळी काढल्यावर. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटावर रक्त पातळ करणारं इंजेक्शन देतात, आणि ते दिल्यावर काही तास पाठीतली नळी काढता येत नाही, कारण मणक्याजवळ रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणून काढायची वेळ त्या इंजेक्शनच्या हिशेबाने ठरते. माझी वेळ संध्याकाळची आली. पंप गेला, आणि पुढचं औषध 'लागलं तर द्या' असं लिहिलेलं होतं. रात्री भुलीचा असर उतरला तेव्हा जांघेपासून गुडघ्यापर्यंत कुणी करवत चालवावी तशी कळ सुरू झाली. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "आत्ताच पॅरासिटामॉल दिलंय ना बाई, थोडं सहन करा. इतकी कडक औषधं घेतली तर सवय लागते." त्या वाईट नव्हत्या. तेवढ्या मोठ्या वॉर्डात त्या एकट्या होत्या आणि मॉर्फिनच्या कपाटाची चावी, रजिस्टर, सही, हे सगळं त्यांच्याच गळ्यात होतं. पण माझी आई उठली. "माह्या पोरीले सहन करणं शिकवू नका, सिस्टर. थे लहानपणापासून सहनच करून राह्यली. डॉक्टरले बोलवा."

तरुण डॉक्टर आले. शून्य ते दहामधला दुखण्याचा आकडा विचारला. मी नऊ म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यांना ते पटत नाही. सिकलसेलच्या माणसाला चेहरा शांत ठेवायची सवय लागलेली असते. ओरडून दुखणं कमी होत नाही, हे आम्ही लहानपणीच शिकतो. म्हणून आमच्या आकड्यावर विश्वास बसत नाही, आणि पुन्हा मागितलं की औषधासाठी नाटक करते असं वाटतं. मी वाद घातला नाही. ते तीन बॉलचं यंत्र तोंडाला लावलं. पहिलाच बॉल अर्ध्यावर जाऊन थरथरला आणि खाली बसला. डॉक्टरांनी फाईल उघडून ऑपरेशनआधीची नोंद पाहिली.

त्यांनी शिरेतून 2 मिलिग्रॅम मॉर्फिन हळूहळू दिलं आणि निघून गेले नाहीत. थांबले. माझ्या छातीकडे बघत घड्याळावर श्वास मोजले, बोटाला लावलेल्या मशीनवरचा ऑक्सिजन बघितला. काही मिनिटांनी पुन्हा तेवढंच. तिसऱ्या वेळेनंतर कळ गेली नाही, पण लांब गेली. पायात आहे हे कळत होतं, डोक्यात नव्हती. मी पुन्हा नळी तोंडात धरली. पहिला बॉल वर जाऊन टिकला, दुसरा उठला. आईने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

सकाळी मॅडमनी 'लागलं तर' खोडून वेळा लिहिल्या. मॉर्फिनची 10 मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, कारण तोंडावाटे घेतलेल्या साध्या गोळीचा असर साधारण तेवढाच टिकतो. सोबत पॅरासिटामॉल, तेही वेळेवर. माझं वजन 50 किलोच्या खाली, म्हणून 1 ग्रॅमऐवजी 650 मिलिग्रॅम. वेळा कशाला बांधल्या, हे मॅडमनी सांगायच्या आधीच माझ्या नवऱ्याला कळलं. बांधीची पार, म्हणजे तिचा मातीचा बांध, फुटायच्या आधी एक ढेकूळ पुरतं, फुटल्यावर गाडाभर माती पुरत नाही, असं तो म्हणाला. मॅडमना बांधी काय ते सांगावं लागलं, पण पटलं. गोळीचा असर चढायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून फिजिओच्या वेळेच्या तितकं आधी गोळी यायला लागली, आणि त्याच दिवशी मी वॉर्डच्या दारापर्यंत चालले.

आईला एक गोष्ट बजावून सांगितली होती. मी बोलता बोलता डुलक्या घेऊ लागले, हाक मारल्यावर नीट ओ दिली नाही, किंवा श्वास मिनिटाला 10 च्या खाली गेला, तर वेळ झाली असली तरी गोळी द्यायची नाही, आधी सिस्टरना बोलवायचं. असा श्वास मंदावला तर उतारा म्हणून नॅलोक्झोन नावाचं इंजेक्शन असतं, ते ट्रेमध्ये तयार होतं. ते लागलं नाही. आई मात्र माझ्या पोटावर हात ठेवून रात्र रात्र श्वास मोजायची.

नवऱ्याने पोराच्या शाळेची एक वही आणली होती. त्यात तो वेळ, गोळी, दुखण्याचा आकडा, किती बॉल उचलले आणि संडास झाली का, एवढं लिहायचा. राउंडला डॉक्टर आले की वही पुढे करायचा. माझ्या नऊवर जितका विश्वास नव्हता तितका त्या वहीवर बसला. हे मला थोडं लागलं, पण उपयोग झाला हे खरं.

शेजारच्या पलंगावर वडसा भागातली एक आजी होत्या, कॅन्सरच्या. त्यांच्या छातीवर फेंटानिलचा पॅच लावलेला असायचा, तीन दिवसांनी बदलायचा. नवऱ्याने विचारलं, हिलाही तोच लावा ना, गोळ्यांची कटकट नाही. मॅडम नाही म्हणाल्या. पॅचचा असर हळू चढतो आणि काढल्यावरही कितीतरी तास उतरत नाही. ज्यांचं शरीर या औषधांना आधीच सरावलंय आणि ज्यांचं दुखणं रोज सारखं आहे, त्यांच्यासाठी तो असतो. ऑपरेशननंतरचं दुखणं दिवसागणिक कमी होत जातं, त्याला पॅच लावला तर डोस दुखण्याच्या पुढे निघून जाईल. आजीच्या मुलालाही सिस्टर ओरडल्या होत्या, कारण तो गरम पाण्याची पिशवी त्या पॅचच्या जागी धरत होता. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात शिरतं. आमच्याकडचा उन्हाळा आठवून माझ्या अंगावर काटा आला. पॅच लावलेल्या माणसाला दुपारी पत्र्याच्या घरात झोपवू नये, हे कुणीतरी गावोगावी सांगायला हवं.

नवऱ्याने आणखी एक विचारलं. ही गोळी आमच्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये का मिळत नाही? अफू तर आपल्याच देशात सरकारी परवान्याने पिकते, नीमच-मंदसौरकडे शेतकरी लावतात, नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत. मॅडम म्हणाल्या, 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने इतके परवाने मागितले की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. 2014 मध्ये कायदा बदलला, मॉर्फिन, फेंटानिल अशी सहा औषधं आवश्यक म्हणून वेगळी काढली, मान्यता मिळालेल्या दवाखान्याला एकाच परवानगीवर ती ठेवता येतात. पण दवाखान्याने ती मान्यता मागायला तर हवी. डॉक्टरला शिकायला हवं, रजिस्टर ठेवायला हवं. मोठ्या शहरात हे होतं, तालुक्याला कुणी त्या वाटेला जात नाही. मला यात फार मोठा अन्याय दिसतो. दुखणं तालुक्यात असतं आणि औषध दीडशे किलोमीटरवर.

मळमळ दोन-तीन दिवसांत ओसरली. झोपही कमी झाली. बद्धकोष्ठता तेवढी हटली नाही. या औषधांच्या बाकीच्या त्रासांना शरीर सरावतं, आतडं सरावत नाही, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या गोळीपासूनच सुरू करायचं असतं. मला रात्री लॅक्टुलोज आणि बिसाकोडिल होतं. घरून सासूबाईंनी इसबगोल पाठवलं. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवायला लावलं, कारण आतडं सुस्त असताना आणि पाणी कमी जात असताना इसबगोल आतच गोळा होऊन बसू शकतं. खुबा बदललेल्या माणसाला उकिडवं बसता येत नाही, जोर करताना पुढे वाकता येत नाही. नवऱ्याने आमच्या संडासासाठी प्लास्टिकची कमोड खुर्ची आणली आणि तिचे पाय विटांवर उंच केले. त्या खुर्चीइतका उपकार माझ्यावर दुसऱ्या कुठल्या वस्तूने केला नाही.

घरी सोडण्याआधी मॉर्फिन कमी करत ट्रामाडॉलवर आणलं. तेही याच जातीचं, पण सौम्य. निघायच्या तासभर आधी गोळी घेतली, गाडीत पाय उशांवर ठेवला, उमरेडपर्यंत ठीक होतं, पुढच्या खड्ड्यांत डोळ्यात पाणी आलं. ट्रामाडॉल 2018 पासून त्याच अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. तालुक्याच्या मेडिकलवाल्याने आधी नाहीच म्हटलं. डिस्चार्ज कार्ड, चिठ्ठी, डॉक्टरांचा नोंदणी नंबर, सगळं दाखवल्यावर मागवून दिलं. नेमकी जी गोळी आली ती जोडगोळी होती, ट्रामाडॉल 37.5 आणि पॅरासिटामॉल 325 एकत्र. माझ्याजवळ पॅरासिटामॉल वेगळं होतंच. दोन्ही घेतलं असतं तर लिव्हरवर आलं असतं. नवऱ्याने पाकिटाचा फोटो मॅडमना पाठवला, त्यांनी साधं पॅरासिटामॉल कमी करून दिलं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते.

घरी आल्यावर वेगळीच कसरत. मोहफुलाचे दिवस होते. पहाटे बायका जंगलात जात होत्या, वाघाच्या भीतीने घोळक्याने. मामंजी मायेनेच म्हणाले, "रात्री घोटभर मोहाची घे, झोप लागते." दारू आणि ही गोळी एकत्र म्हणजे दोन्हींनी श्वास मंदावणार, असं मी त्यांना समजावलं. ते ऐकून स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले. मग गुडघेदुखीवाल्या काकू आल्या, "तुया त्या भारी गोळ्यातली एक दे ना." नाही म्हणणं जड गेलं. मी त्यांना साधी पॅरासिटामॉल देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवलं आणि माझ्या गोळ्या पेटीत कुलूप लावून ठेवल्या. घरात लहान पोरं आहेत. मोठ्या माणसाची एक गोळीही त्यांना घातक ठरू शकते.

सवय लागेल का, हा प्रश्न मी मॅडमना निघतानाच विचारला होता. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. काही दिवस-आठवडे रोज घेतलं की शरीर सरावतं, एकदम बंद केलं तर कुरकुर करतं. ते कुणाचंही होतं, म्हणून पायरी पायरीने सोडायचं. व्यसन वेगळं. दुखणं नसताना घ्यावंसं वाटणं, लपवून घेणं, नुकसान होतंय दिसत असूनही न थांबणं. ते वाटलं तर लाजायचं नाही, फोन करायचा. आधी दुपारची गोळी काढली, काही दिवसांनी सकाळची, व्यायामाआधीची तेवढी ठेवली, रात्रीची सगळ्यात शेवटी. रात्रीची सोडली तेव्हा जांभयांवर जांभया, नाक गळणं, पायांत चुळबूळ, पोट थोडं बिघडलं. सासूबाईंना वाटलं, सर्दी झाली. मला आधी सांगितलेलं होतं म्हणून मी घाबरले नाही आणि पुन्हा गोळी घेतली नाही. पाणी पीत राहिले. ते गेलं. उरलेल्या गोळ्या चहाच्या चोथ्यात कुस्करून, पिशवीत बांधून फेकल्या.

सिकलसेल काही ऑपरेशनने जात नाही. क्रायसिस पुढेही येणार, हे धरून मी तपासणीला गेले तेव्हा मॅडमकडून एक कागद मागून घेतला. त्यात माझं निदान, वजन, किडनीचा रिपोर्ट, कोणतं औषध किती डोसात मला चालतं, कोणतं द्यायचं नाही, किती वेळाने पुन्हा बघायचं आणि कोणत्या खुणा दिसल्या तर वाट न बघता नागपूरला पाठवायचं, हे सही-शिक्क्यासह लिहिलंय. एक प्रत माझ्या फाईलमध्ये, एक नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, एक तालुक्याच्या डॉक्टरांकडे. मागच्या क्रायसिसला त्यांनी तो कागद वाचला, सलाईन लावलं, ट्रामाडॉल दिलं, तासाभराने स्वतः येऊन बॉल किती उचलते ते पाहिलं. मॉर्फिनच्या मान्यतेसाठी अर्ज कसा करतात, हेही त्यांनी मला विचारलं, आणि मी मॅडमचा नंबर त्यांना दिला. आमच्या गावातल्या दुसऱ्या एका एसएस मुलीचं ऑपरेशन धान कापणी झाल्यावर ठरलंय. वही आणि तीन बॉलचं यंत्र तिच्या घरी पोहोचलंय. यंत्राची तोंडात धरायची नळी तेवढी तिला नवी घ्यायला सांगितली आहे.